रायफलची नळी साफ करायचा रॉड: धातूपेक्षा सरळपणा महत्त्वाचा

रायफलच्या नळीची बहुतेक लांबी दणकट असते. नाजूक जागा दोनच, थ्रोट आणि क्राउन. चेंबर (काडतूस बसायची जागा) संपून चऱ्या, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचा, जिथे सुरू होतात तो भाग म्हणजे थ्रोट. नळीच्या तोंडाची शेवटची कड, जिथून गोळी सुटते, ती क्राउन. थ्रोट एका बाजूने झिजला तर गोळी चऱ्यांत तिरकी शिरते. क्राउन एका बाजूने झिजली तर गोळी सुटताना मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि तिच्या बुडाला आडवा धक्का देतो. दोन्हींचा परिणाम एकच: टार्गेटवरचा ग्रुप, म्हणजे लागोपाठ मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, पसरतो. .३०८ च्या (कॅलिबरचे हे आकडे इंचांतले) नळीत चरीची खोली जेमतेम ०.१ मिलिमीटर असते, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाइतकी. आणि क्लीनिंग रॉड एका बैठकीत या दोन्ही जागांवरून वीस-पंचवीस वेळा सहज जा-ये करतो.

रॉड घेताना बहुतेकजण पहिल्यांदा विचारतात, 'पोलादी घेऊ की पितळी?' हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो नंतरचा आहे. आधी बघायचं ते हे की जोर लावल्यावर रॉड सरळ राहतो का. सरळ राहणारा, नीट मध्यभागातून जाणारा रॉड नळीच्या भिंतीला जवळजवळ टेकतच नाही. भिंतीला लागतो तो टोकाचा पॅच (पुसायचा कापडाचा तुकडा) किंवा ब्रश. रॉड वाकला की त्याचा बाहेरचा मोकळा भाग फुगून एका बाजूला जातो आणि नळीत शिरायच्या जागेवर रेलतो. मागून साफ करत असाल तर ती जागा थ्रोट, पुढून करत असाल तर क्राउन. म्हणजे बरोबर त्याच दोन नाजूक जागा.

जाडी आणि लांबी

रॉडचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. आकडे बघितले की फरक लगेच कळतो. ५ मिमी जाड आणि ९० सेंमी लांब पोलादी रॉड, मध्ये कुठलाही आधार न देता दोन्ही टोकांकडून दाबला, तर हिशेबाने सुमारे साडेसात किलोच्या भाराला त्याला बाक येतो. व्यास ७ मिमी केला की तोच आकडा २९ किलोंवर जातो. ५ मिमीचाच रॉड पितळी असेल तर पावणेचार किलो, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर पावणेतीनच्या आसपास. घट्ट पॅच किंवा नवा ब्रश ढकलायला काही किलोंचा जोर लागतोच. बारीक नळीसाठी अ‍ॅल्युमिनियमचा रॉड का टाळायचा, ते एवढ्यावरून कळावं.

म्हणून नळीत सैलसर जाईल असा सगळ्यात जाड रॉड घ्यायचा. 'सैलसर' यासाठी की जॅगवर (रॉडच्या टोकाला लावायच्या, पॅच टोचायच्या तुकड्यावर) बसलेल्या पॅचची शेपटी मागे दुमडून रॉडला लपेटते, तिला जागा लागते. .२२ गटाच्या नळीचं आतलं भोक ५.५ मिमीच्या जवळपास असतं, तिला ५ मिमीचा रॉड ठीक. .३० ला, म्हणजे ७.६२ मिमीच्या भोकाला, पावणेसात ते सात मिमीचा. .१७ साठी ४ मिमीपेक्षाही बारीक रॉड लागतो; तो इतका लवचीक असतो की त्याच्या बाबतीत पॅच छोटा ठेवणं आणि हात हलका ठेवणं एवढंच आपल्या हातात राहतं. उत्पादक साधारणपणे .२२ ते .२६ पर्यंत एक रॉड आणि .२७ च्या पुढे दुसरा अशी विभागणी करतात. .२२३ आणि .३०८ अशा दोन्ही रायफली असतील तर दोन रॉड घ्या. बारीक रॉड मोठ्या नळीत चालतो, पण तो मध्यभाग सोडून तळाशी लोळतो आणि लवकर वाकतो.

लांबीचं गणितही त्याच दिशेचं. मोकळी लांबी दुप्पट झाली की बाक यायचा भार चौथ्या हिश्शावर येतो. 'जरा जास्तच लांब घेऊ, कुठेही चालेल' हा विचार इथे अंगाशी येतो. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून ठेवा आणि नळीच्या तोंडापासून रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या चौकटीच्या, मागच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. बोअर गाइड (रॉड नळीच्या मध्यात ठेवणारा पोकळ नळा) मागे जेवढा बाहेर राहतो तेवढं त्यात मिळवा. ब्रश पूर्ण बाहेर पडावा म्हणून ५ सेंमी आणि हँडल व बोटं स्टॉकवर (दस्त्यावर) आपटू नयेत म्हणून आणखी ५ ते ८ सेंमी धरा. २४ इंची म्हणजे ६१ सेंमी नळीच्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफलला हा हिशेब बहुधा ३६ इंचांच्या म्हणजे ९१ सेंमीच्या रॉडवर येऊन थांबतो. त्याहून लांब नळीला ४० किंवा ४४ इंची. डब्यावर लिहिलेली लांबी हँडल सोडून आहे की धरून, हे मात्र विचारून घ्यायचं.

फिरणारं हँडल

चऱ्या गोळीला फिरवतात, तशाच त्या पॅचलाही फिरवतात. १० इंचांत एक फेरा असलेल्या २४ इंची नळीत पॅच या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना जवळजवळ अडीच वेळा फिरतो. ७ इंचांत एक फेरा असेल तर सव्वातीनपेक्षा जास्त. रॉड त्याच्याबरोबर मोकळा फिरला तरच ब्रशचे तंतू चरीच्या तळाशी आणि कोपऱ्यांत पोचतात. रॉड फिरला नाही तर ब्रश चऱ्यांवरून आडवा घसरतो, उंच भाग चकचकीत होतात आणि मळ कोपऱ्यांत तसाच राहतो.

हँडल न फिरण्याचा आणखी एक त्रास पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बहुतेक नळ्यांचा पीळ उजवा असतो. अशा नळीत ब्रश पुढे ढकलला की तो आपल्या बाजूने बघता घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, आणि साधे उजवे आटे असलेला ब्रश रॉडवरून सुटतो तोही याच दिशेने. हँडल अडून बसलं की दर ढकलीला ब्रश थोडा थोडा उलगडत जातो. ओढताना उलट होतं, तो आवळला जातो; म्हणून 'ब्रश मध्येच सैल का होतो' याचं उत्तर चटकन सापडत नाही. उत्तर बहुतेक वेळा हँडलच्या बेअरिंगमध्ये असतं.

दुकानात हँडल रिकामं गरगर फिरवून बघितलं तर काहीच कळत नाही, कुठलंही हँडल तसं फिरतं. रॉडचं टोक लाकडाच्या तुकड्यावर टेकवा, हँडलवर दोन-तीन किलोंचा भार येईल इतकं दाबा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी रॉड फिरवा. आत बॉल बेअरिंग असेल तर दाबाखालीही तो लोण्यासारखा फिरतो. नुसती प्लॅस्टिकवर धातू घासणारी रचना असेल तर कुरकुरतो किंवा अडकतो. हँडलचा मध्य रॉडच्या रेषेत आहे ना, हेही तेव्हाच बघून घ्या. पिस्तुलाच्या मुठीसारखी हँडलं हाताला छान वाटतात, पण जोर रेषेबाहेर लागला की रॉडला बाक तिथूनच सुरू होतो.

आता धातूकडे

पितळ मऊ असतं, नळीचं पोलाद त्याहून बरंच कठीण. त्यामुळे पितळी रॉड स्वतः नळीला कापू शकत नाही. आक्षेप वेगळा आहे: मऊ पृष्ठभागात कठीण कण रुततात. हे कण येतात कुठून? जळलेल्या दारूची कडक काजळी, धूळ, आणि प्रायमरचे, म्हणजे काडतुसातली दारू पेटवणाऱ्या मसाल्याचे, अवशेष. रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या) काडतुसांच्या प्रायमरमध्ये घर्षणासाठी बऱ्याचदा काचेची बारीक पूड घातलेली असते. असा कण पितळेत किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतला की तो भाग बारीक कानशीच होऊन बसतो.

हा आक्षेप खरा आहे, पण त्याची धास्ती जरा जास्तच घेतली जाते. दर फेरीला रॉड पुसला आणि बोअर गाइड वापरला, तर पितळी रॉडही वर्षानुवर्षं काही बिघडवत नाही. पितळेची खरी अडचण म्हणजे ते वाकलं की वाकलेलंच राहतं.

स्प्रिंगसारखं टेंपर केलेल्या एकसंध स्टेनलेस पोलादाचा रॉड सगळ्यात ताठ. तो वाकला तरी बहुधा परत सरळ होतो, आणि गुळगुळीत पॉलिश असेल तर कण त्यात रुतत नाहीत. गाइडशिवाय वापरला तर मात्र तो थ्रोटला मार देऊ शकतो, कारण त्याची कठीणता नळीच्या बरोबरीची किंवा जास्त असते. पोलादावर नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचा थर दिलेले रॉड, उदाहरणार्थ ड्यूईचे, ताठपणा आणि मऊ स्पर्श यांचा मेळ घालतात. थर मऊ असल्यामुळे त्यातही कण रुतू शकतो, आणि थर कुठे निघाला तर ती उघडी कड नळीला घासते. दर वेळी नखाने रॉडच्या टोकाजवळ चाचपून बघायची सवय लावा. थर आधी तिथेच, धातूच्या टोपीला भिडतो त्या जागी, उठतो.

कार्बन फायबरचे रॉड, टिप्टनचे बरेच चालतात, हलके असतात आणि त्यांना कायमचा बाक येत नाही. फाजील जोर लावला तर ते वाकत नाहीत, तुटतात. तुटलेल्या जागी निघणारे तंतू कुसळांसारखे हातात शिरतात, आणि असा रॉड नळीत घालण्याच्या लायकीचा राहत नाही. त्यांच्या टोकाची आट्याची टोपी चिकटवलेली असते. ती हलते आहे का, हे अधूनमधून पिळून बघा, नाहीतर एक दिवस रॉड हातात येतो आणि ब्रश टोपीसकट नळीत राहतो.

तीन-चार तुकडे जोडून होणारे रॉड फक्त प्रवासापुरते. प्रत्येक सांध्यावर केसाएवढी का होईना पायरी असते आणि ती कड दर फेरीला थ्रोटवरून जाते. सांधे सैल पडतात, आणि मग एकूण रॉड सरळ कधीच नसतो. रायफलबरोबर फुकट मिळालेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकड्यांचा रॉड खोक्यातच राहू द्यावा.

थोडक्यात घरच्या वापरासाठी कौल द्यायचा तर: एकसंध रॉड, बॉल बेअरिंगचं हँडल, पोलाद उघडं किंवा थर दिलेलं. हातून रॉड सारखा आपटण्या-पडण्याची शक्यता असेल तर कार्बन फायबर.

आट्यांचा घोळ

रॉड चांगला, ब्रशही चांगला, पण एकमेकांत बसत नाहीत, हा प्रकार फार होतो. सगळ्यात प्रचलित अमेरिकी आटे ८-३२, म्हणजे ४.१७ मिमी व्यास आणि इंचाला ३२ आटे. .१७ च्या बारीक रॉडला ५-४० असतात. ड्यूईच्या थर दिलेल्या रॉडना .२२ ते .२६ साठी ८-३६ आणि त्यापुढे १२-२८ असे वेगळे आटे असतात, आणि ८-३२ चा ब्रश लावण्यासाठी मध्ये पितळी अ‍ॅडॅप्टर लागतो. युरोपीय सामानात ४ मिमीचे मेट्रिक आटे भेटतात.

घात करतात ते ८-३२ आणि ८-३६. व्यास तोच असल्यामुळे ब्रश एक-दीड फेरा बसतो आणि मग अडतो. 'घट्ट आहे' असं समजून पक्कडीने पिळलं की पितळी आटे कायमचे गेले. ४ मिमी मेट्रिक ब्रश ८-३२ च्या भोकात याच्या उलट वागतो: आत जातो, पण डगडगतो आणि नळीत असताना सुटतो. ब्रश बोटांनी, शेवटपर्यंत, न अडखळता बसला पाहिजे. जिथे पक्कड लागते तिथे आटे जुळत नाहीत असं समजायचं.

टोकाला काय

पॅचसाठी जॅग किंवा लूप. लूपमध्ये, म्हणजे सुईच्या नेढ्यासारख्या फटीत, पॅच अडकवता येतो पण त्याचा दाब दोन बाजूंनाच पडतो. जॅगवर पॅचच्या मधोमध टोक टोचायचं, तो सगळीकडून सारखा दाबला जातो आणि तोंडातून बाहेर पडला की आपोआप गळून पडतो, म्हणजे मळ परत आत येत नाही. एकेरी फेरी आणि सारखा दाब, म्हणून जॅगच बरा.

पितळी जॅग मात्र एक फसवणूक करतो. गोळ्यांच्या आवरणामुळे नळीत बसणारा तांब्याचा थर काढणारी अमोनियाची सॉल्व्हंटं (मळ विरघळवणारे द्रव) तांबं विरघळलं की पॅचवर निळा-हिरवट डाग पाडतात, आणि पितळेत तांबं असतंच. नळी स्वच्छ झाल्यावरही पॅच निळे येत राहतात, माणूस तासभर घासत बसतो. निकेलचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेसचा जॅग घेतला की हा प्रश्न मिटतो. कांस्याच्या तंतूंचा ब्रशही अशा सॉल्व्हंटात झिजतो, तो वापरून झाला की धुऊन ठेवायचा.

पॅचचा आकार हाताला कळतो. मध्यम, एकसारख्या जोरात तो सरकत गेला पाहिजे. हँडलवर तळहाताने ठोकावं लागत असेल तर तो मोठा आहे. कात्रीने चारी कोपरे उडवा. 'आज जोर लावून बघू' असं करण्यातूनच रॉड वाकतात.

बोअर गाइड नसेल तर सगळं फुकट

हा बोल्टच्या जागी बसणारा पोकळ नळा. रॉड त्यातून नळीच्या बरोबर मध्यात शिरतो, आणि पुढची रबरी रिंग चेंबर बंद करते, त्यामुळे सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये आणि स्टॉकच्या लाकडात उतरत नाही. रिंग चेंबरमध्ये घट्ट बसली पाहिजे आणि रॉडसाठीचं भोक रॉडपेक्षा किंचितच मोठं असावं. 'सगळ्या रायफलींना चालणारा' ढिला गाइड आणि गाइड नसणं यांत फार अंतर नाही. बजेट तुटपुंजं असेल तर रॉड मध्यम घ्या आणि गाइड आपल्या अ‍ॅक्शनसाठी बनवलेला घ्या. पुष्कळजण याच्या बरोबर उलट करतात.

काही रायफली मागून साफ करताच येत नाहीत: बऱ्याच लिव्हर अ‍ॅक्शन, एम-१ गॅरंड, एके गटातल्या. तिथे तोंडातून रॉड घालावा लागतो, म्हणून क्राउन सांभाळणारी शंकूच्या आकाराची मझल गाइड हवीच. एकेच्या साफसफाईच्या डबीचं झाकण तोंडावर बसवून गाइडसारखं वापरायची सोय मुळातच केलेली आहे.

दोरीने ओढायच्या साधनांचंही थोडक्यात. ली-एनफील्डच्या दस्त्यात तेलाच्या बाटलीबरोबर पुल-थ्रू ठेवलेला असे: एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाच्या फासात ४ बाय २ इंचांचा फ्लॅनेलचा तुकडा. दोरी सरळ न ओढता तिरकी ओढली की तिला चिकटलेली वाळू तोंडाची एक बाजू झिजवते. आजच्या बोअरस्नेकसारख्या साधनांनाही हेच लागू आहे. मैदानात झटकन एक फेरी मारायला ती उत्तम. तांब्याचा थर काढायला नाही. आणि ती धुवावी लागतात, नाहीतर मागच्या वेळचा मळ या वेळी परत नळीत जातो. ४.५ मिमी एअर रायफलला दारूची काजळी नसते, तिला रॉड क्वचितच लागतो. फेल्टच्या गोळ्या किंवा मऊ पुल-थ्रू पुरे, आणि कांस्याचा ब्रश अजिबात नको.

वापरताना

मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा, मग बोल्ट काढा. काडतूस किंवा अडकलेली गोळी आत असताना क्लीनिंग रॉडने ठोकाठोक करायची नाही. ते काम बंदूक कारागिराचं. तोंडाकडून सॉल्व्हंटचे थेंब उडतात, म्हणून चष्मा लावा.

रॉड रिकामा असतानाच एकदा आत घाला. जॅग तोंडाबाहेर दीड-दोन सेंमी आला की थांबा आणि हँडलजवळ, गाइडच्या कडेला, रॉडवर चिकटपट्टीची खूण करा. ही खूण फार उपयोगाची. जॅग त्याहून पुढे गेला की रॉड स्वतःच्या वजनाने खाली लवतो, क्राउनच्या खालच्या कडेवर टेकतो, आणि मागे ओढताना जॅगचा मागचा खांदा त्याच कडेवर आपटतो. वर्षानुवर्षं असं झालं की क्राउन घड्याळातल्या सहाच्या जागी, म्हणजे खालच्या बाजूला, झिजलेली दिसते. पॅच गळला की रॉड हलकेच मागे घ्या, कोरड्या कपड्याने पुसा आणि मग पुढचा पॅच. ब्रशसाठी खूण हँडलकडे आणखी सरकवावी लागते, कारण तो पूर्ण बाहेर पडल्याशिवाय उलटवायचा नसतो. नळीत मध्येच दिशा बदलली की कांस्याचे तंतू मुडपतात आणि ब्रश पाचरीसारखा अडकतो.

पॅच अडकला तर हातोडी घेऊ नका. नळी उभी करून तोंडातून पातळ तेल सोडा, अर्धा तास थांबा आणि ज्या बाजूने आला त्याच बाजूला, रॉड सरळ धरून, एका रेषेत ओढा. जॅग निघून पॅच आत राहिला तर जॅग काढून रॉडला जुना, झिजलेला ब्रश लावा; तो पॅचमध्ये रुततो आणि त्याला पुढे ढकलत नेतो. अडकलेल्या रॉडला झटके दिले की तो बाहेरच्या भागात वाकतो, आणि मग वाकलेला रॉड थ्रोटमधून ओढून काढावा लागतो.

काम संपलं की रॉड पुसून उभा टांगा किंवा सरळ नळकांड्यात ठेवा. कोपऱ्यात तिरका टेकवून ठेवू नका. शंका आली तर तो काचेवर ठेवून हळूहळू लोळवा: रॉडखाली प्रकाशाची फट उघडझाप करत असेल तर तो वाकला आहे. गुडघ्यावर सरळ केलेला रॉड डोळ्यांना सरळ दिसतो, पण काचेवर तो पकडला जातो. असा रॉड टाकून द्या.